वहिनी म्हणे

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुकानाच्या हिशेबाची वही वेगळी आहे आणि ही वेगळी. हिच्यात चिडचिड उतरवायची, म्हणजे गिऱ्हाइकासमोर चेहरा हसरा राहतो, असं ठरवून आजपासून लिहायला बसलेय.

डोळे तपासण्याचं शिक्षण मी घेतलं, दुसऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानांत वर्षानुवर्षं उभी मी राहिले, आणि आता स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर नावही माझंच आहे. तरी आज आत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला ओलांडून मागे पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर कुठे आहेत?" मागे आमचे कारागीर काका असतात. ते काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. पिकलेली भरघोस मिशी, नाकावर घसरलेला चष्मा, तोंडात शब्द मोजके. काय हवं माणसाला आणखी?

दुपारी एका बाईंना मी सांगितलं की वाचायचा चष्मा वेगळा लागेल. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग मान लांब करून काकांना विचारलं, "काय हो, खरंच लागेल का?" काकांनी यंत्रावरून नजरही उचलली नाही. "लागेल," म्हणाले. "मग द्या करून," बाई म्हणाल्या.

वाक्य माझं, मिशी त्यांची! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथे तर पिकतं माझ्याकडे आणि विकतं काकांकडे.

संध्याकाळी वहिनीचा फोन. बाबांनी म्हणे गाडी आत घेताना फाटकाचा डावा खांब घासला. हे म्हणे दुसऱ्यांदा. त्यांना म्हणे हल्ली नीट दिसत नाही, आणि मी त्यांना गाडी चालवू नका म्हणून सांगावं.

दादा कामासाठी परगावी असतो, त्यामुळे त्या घरात बाबा, वहिनी आणि माझी भाची एवढेच. वहिनीच्या बोलण्यातलं निम्मं मी आधीच वजा करून टाकते. गेल्या वर्षी "गॅस गळतोय, गॅस गळतोय" करून तिने अख्खी गल्ली रस्त्यावर आणली होती, आणि निघाला काय तर शेजारच्या ताज्या रंगाचा वास. आईचं शिवणयंत्र "गंजलंय" म्हणून देऊन टाकलं. ते गंजलेलं नव्हतं, मला माहीत आहे, त्यावर मी शिवलंय. आणि आता वहिनीला गाडीचा परवाना मिळायला आणि बाबांना दिसेनासं व्हायला एकच गाठ पडली. वा!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काकांना पांढरा कोट शिवून आणला. आधी "नको हो मॅडम, मी काय डॉक्टर आहे?" म्हणाले. मग आरशात पाहिलं आणि काढेचनात.

आता पद्धत अशी: मी तपासते, मी सांगते, गिऱ्हाईक काकांकडे पाहतं, काका मान हलवतात, गिऱ्हाईक पाकीट काढतं. धंदा वाढला. मला आनंद व्हायला हवा होता. दुकान बंद करून फ्रेमा पुसत बसले होते, तर एकच फ्रेम किती वेळ पुसतेय हे काकांनी सांगितल्यावर कळलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

बाबांकडे जेवायला गेले. जाताना दुकानातला तपासणीचा तक्ता गुंडाळून नेला. वहिनीचा प्रश्न एकदाचा मिटवून टाकावा म्हणून.

बाबा दारातच होते. मी त्यांच्या डावीकडच्या पायवाटेने आले ती अगदी त्यांच्या कोपराशी पोचले, तेव्हा दचकून पूर्ण वळले. "ठकू! मांजरीसारखी येतेस," म्हणाले. मला अजून ठकू म्हणणारा जगात हा एकच माणूस उरलाय. विचारात असतात ते हल्ली.

स्वयंपाकघरात वहिनीने मला गाठलं. डावीकडे ठेवलेली वाटी बाबांना म्हणे दिसतच नाही, सांगावं लागतं. पाण्याचा पेला म्हणे रोज कलंडतो. मी म्हटलं, "वहिनी, पेले सगळ्यांचेच कलंडतात." जेवताना त्यांनी खरंच पेला सांडला, पण तेव्हा ते मला दुकानाचं विचारत होते, हात हलवून बोलायची त्यांची सवय जुनीच आहे. वाटी राहिली तीही त्यांना भूक नव्हती म्हणून.

मग भिंतीला तक्ता लावला. भाचीने अंतर मोजायला दोरी धरली. बाबांनी वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचलं. सगळ्यात खालची ओळ वाचली. तिच्याखाली तक्ता छापणाऱ्याचं मुंगीएवढं नाव होतं, तेही वाचलं! भाचीने टाळ्या वाजवल्या.

मी मोठ्याने, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, नजर अठरा वर्षांच्या पोरासारखी आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?" म्हणाले. मी म्हटलं, "मला विचारताय? माझा धंदा आहे तो." मग हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. वहिनी भांडी घासत होती, नळ जोरात सोडून.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, अशातली गत आहे तिची. गाडी हवी आहे तर तसं सांगावं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

सोमवार, २४ फेब्रुवारी

बाबांनी माझं वाक्य गावभर केलंय. भाजीवाला मला म्हणाला, "आजोबांची नजर अठराची आहे म्हणे!" शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही त्यांनी ऐकवलंय. भाचीला शाळेत सोडणं-आणणं बाबांकडेच असतं, त्या दोघांचं गूळपीठ आहे.

घरचं कुणीतरी एकदा माझ्या बोलण्याला किंमत देतंय, हे बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं.

वहिनीचा फोन आला होता. भाचीला म्हणे बाबा मागे बसवत नाहीत, पुढेच बसवतात, आणि रस्ताभर तिला बडबडायला लावतात. आता नातीने आजोबांशी बडबडूही नये का?

बुधवार, ५ मार्च

आज एक गृहस्थ आले. दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात म्हणाले, मधूनमधून कपाळ ठणकतं. मी त्यांना म्हटलं, चष्म्याने हे जायचं नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात जा, डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो, काचबिंदूची सुरुवात असू शकते. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ते हसले. "बाई, तुम्हाला चष्मा विकायचा नाहीये का?"

मी काकांकडे पाहिलं. काका कोटाची बटणं लावत पुढे आले. "दवाखान्यात जा," म्हणाले, बस्स. गृहस्थ गेले! तसेच, सरळ, दवाखान्याचा पत्ता विचारून!

मला इतका संताप आला की काचेच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली आतच विसरले. लोक शब्द ऐकतच नाहीत, तोंड बघतात. सांगणारं कोण आहे, त्याचा मतलब काय, त्याला मिशी आहे की नाही, हे आधी बघायचं आणि मग ठरवायचं की खरं का खोटं. उद्या आग लागली आणि मी ओरडले तर हे विचारतील, काका काय म्हणतात?

असल्या लोकांचं मी काय करावं?

गुरुवार, १३ मार्च

वहिनी दुकानात आली होती. कधी येत नाही. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, ती जाईपर्यंत फ्रेमांच्या कपाटासमोर उभी राहिली, हात पदराआड. मग म्हणाली, "ताई, आज पोरीने मला काय विचारलं माहितीये? 'आई, मी शाळेत आजारी पडले तर आजोबा घरी कसे येणार?'"

मी म्हटलं, "लाडाने विचारलं असेल."

"ती सहा वर्षांची आहे, ताई. तिला भीती वाटते. का वाटते ते सांगत नाही, आजोबांना वचन दिलंय म्हणते."

"बाबांनी म्हणे वचन घेतलं! कसलं?"

एरवी तिचा आवाज चढतो, आज उलटा खाली आला. "हे बघा. मी काहीही सांगितलं की तुम्ही त्याला 'म्हणे' लावता. बाबा म्हणे खांबाला घासले. बाबांना म्हणे दिसत नाही. मी कुणाकडून ऐकून येत नाही हो. मी तिथे उभी होते. मी बघितलंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, गाडी हवी असेल तर सरळ मागा ना. बाबांना आंधळं कशाला ठरवता?"

काकांचं यंत्र बंद झालं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "गाडी विकून टाका," म्हणाली आणि गेली.

चोराच्या मनात चांदणं. नाहीतर एवढं लागायचं कारण काय?

शुक्रवार, १४ मार्च

एकाच गिऱ्हाइकाला दोनदा तपासलं. काकांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं बरी आहे.

"म्हणे" मी खरंच इतकं लावते का?

शुक्रवार, २१ मार्च

क्रमानेच लिहिते.

डोक्यातली भुणभुण जाईना, म्हणून सकाळी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि बाबांकडे गेले. म्हटलं, चला, मीही येते शाळेपर्यंत. बाबा खूश. भाची पुढे, मी मागे. गाडी सुरू झाली आणि भाचीने सुरू केलं: "सायकल! ... काकू! ... कुत्रा, पण झोपलाय! ... लाल गाडी, थांबलीये!" मी हसले. म्हटलं, हे काय गं? म्हणाली, "आमचा खेळ आहे. 'डावीकडे कोण?' मी बघायचं आणि सांगायचं." बाबा म्हणाले, "खारूची नजर तेज आहे." तिला ते खारू म्हणतात. मला गंमत वाटली. खरंच, मला गंमत वाटली! डोळे तपासणारी बाई मागच्या सीटवर बसून हसत होती.

तिला शाळेत सोडलं. मी पुढे येऊन बसले. बाबा परतीला लागले. मी आईच्या शिवणयंत्राचं काढलं, ते कुणाला दिलं तुम्हाला माहीत आहे का, असं विचारत होते. डावीकडून एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन रस्त्यात उतरले. पुरेसे लांब होते, मला वाटलं बाबा वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. ते समोर बघत शांतपणे चालवत होते आणि गाडी त्या माणसावर जात होती. मी किंचाळले. ब्रेक लागला. गृहस्थ मागे कोलमडून पदपथावर बसले, पिशवीतली संत्री आमच्या गाडीखाली गेली.

त्यांना लागलं नाही. हे मी पुन्हा लिहिते, त्यांना लागलं नाही. मी संत्री गोळा केली, माफी मागितली, ते शिव्यांची लाखोली वाहून गेले, बरोबरच होतं त्यांचं.

गाडीत येऊन बसले. बाबांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. आणि ते माझ्यावर ओरडले, "तू सांगितलं का नाहीस?"

मला आधी कळलंच नाही. मी काय सांगायचं होतं? गाडी तर ते चालवत होते.

मग कळलं.

तिथेच, रस्त्याच्या कडेला, मी त्यांना म्हटलं, माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवू नका. हात डावीकडे लांब नेला, बोटं हलवत हलवत आत आणत गेले. दिसली की सांगा म्हटलं. हे मी शिकाऊ असताना पहिल्या वर्षात शिकले. याला तक्ता लागत नाही, यंत्र लागत नाही. माझी बोटं त्यांच्या गालाशी आली तरी ते गप्प होते. नाकाजवळ आल्यावर म्हणाले, "आता." उजवीकडून जरा बरं, पण तिथेही कड गेलेली होती.

तक्ता सरळ समोर असतो. काचबिंदू समोरचं शेवटपर्यंत ठेवतो आणि कडा खातो. हे मी गिऱ्हाइकांना सांगते. त्या वलयंवाल्या गृहस्थांना सांगितलं. मग बाबांना तक्त्यासमोर बसवून मी काय तपासत होते?

मी म्हटलं, "बाबा, गाडी बंद. आजच दवाखान्यात जाऊ."

"तूच म्हणालीस अठरा वर्षांच्या पोरासारखी."

"मी चुकले."

"चुकली नाहीस. तिने पढवलंय तुला." आणि गाडी चालवत मला घरी घेऊन आले. मी सगळा रस्ता ओरडत होते, सायकल, काकू, रिकामी हातगाडी.

शनिवार, २२ मार्च

कालचं कळल्यावर वहिनीने भाचीला पायी न्यायचं-आणायचं ठरवलं. काल दुपारी बाबा तिच्या आधी शाळेत पोचले. वहिनीने पहारेकऱ्याला बजावून ठेवलं होतं, तरी त्याने मुलगी बाबांच्या हातात दिली. "आजोबांची मुलगी डोळ्यांची आहे, तिने तपासलंय," म्हणाला. वहिनी शाळेपाशी पोचली तेव्हा गाडी निघून गेली होती. ती घरापर्यंत पळत आली. दोघं सुखरूप होती.

हे तिने मला फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणाले.

आज शाळा अर्धा दिवस. सकाळीच जाऊन पहारेकऱ्याला म्हटलं, आजोबांच्या गाडीत मुलीला बसवू नका. तो म्हणाला, "मग आजोबा खोटं बोलले का?" म्हटलं, "नाही. ते खरं तेच बोलले. मी खोटं सांगितलं होतं." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता माझ्या कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा, हे त्याला ठरवता येईना.

रविवार, २३ मार्च

शेवटचा उपाय म्हणून काकांना पाठवलं. कोट घालून. बजावलं होतं, फक्त दोन वाक्यं बोलायची: गाडी चालवू नका, दवाखान्यात जा.

काका तासाभराने परत आले, खुशीत. "वडील ठणठणीत आहेत हो! मी फाटकाशी होतो तर लांबूनच हाक मारली. चहा पाजला. पेपर वाचून दाखवला, बिनचष्म्याचा."

"समोरून गेला असाल तुम्ही!"

"मग काय मागून जाऊ? आणि मॅडम, ते म्हणाले तुम्हीच त्यांना अठरा वर्षांच्या..."

मी हात जोडले. काकांनी मुकाट्याने कोट काढून खुंटीला लावला.

मी बाबांना फोन केला. "लेकी बोले सुने लागे," ते म्हणाले, "इथे उलटंच चाललंय, सून बोलते आणि लेक तोंड हलवते." आणि ठेवून दिला.

गाडीची किल्ली त्यांच्याच खिशात आहे. उद्या सोमवार.

सोमवार, २४ मार्च

शाळा सुटायच्या वेळी मी आणि वहिनी दोघी फाटकावर होतो. बाबांची गाडी आली, त्यांनी आम्हाला दोघींना शेजारी शेजारी पाहिलं, आणि गाडी न थांबता पुढे गेली. भाची म्हणाली, "आजोबांनी मला बघितलंच नाही." ती त्यांच्या डाव्या हाताला उभी होती.

वहिनीने तिला कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी.

बुधवार, २६ मार्च

सकाळी बाबा दुकानात आले. पायी. वाटेत कुठेतरी आपटले असावेत, डाव्या बाहीला भिंतीचा चुना लागला होता.

मी पुढे झाले तर हाताने थांबवलं. "माझ्या आधी लोक बसलेत," म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले, गिऱ्हाइकांसारखे, मांडीवर हात ठेवून. एक बाई होत्या, एक विद्यार्थी होता. मी दोघांना तपासलं. काय तपासलं देव जाणे. मुलाला चष्म्याचा नंबर सांगितला. तो काकांकडे वळला, काका म्हणाले, "मॅडमना विचार."

मग बाबा खुर्चीत येऊन बसले.

"मॅडम," म्हणाले, "घरी माझी एक मुलगी आहे, तिचं मी ऐकत नाही. सुनेचं तर नाहीच नाही. तुम्ही परक्या. तुम्ही तपासा आणि काय ते सांगा."

आयुष्यात त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी स्टूल ओढून समोर बसले. बोटं डावीकडून आणायला लागले. या वेळी ते स्वतःहून सांगत होते. मी दरवेळी विचारत होते, आता? आणि ते म्हणत होते, नाही मॅडम. आता? नाही. आता? नाही.

मी गिऱ्हाइकाला सांगते त्याच आवाजात सांगितलं. "तुमच्या नजरेच्या कडा गेल्या आहेत. काचबिंदू असावा, दवाखान्यात नक्की कळेल. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखता येईल. गाडी आजपासून बंद."

"बरं," म्हणाले. खिशातून किल्ली काढून चष्म्यांच्या काउंटरवर ठेवली.

थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "सोमवारी खारू फाटकावर उभी होती म्हणे, मला दिसलीच नाही. मला आधीपासून कळत होतं गं. खारूचा तो खेळ मीच काढला होता. पण तू तक्ता लावलास आणि सांगितलंस, नजर उत्तम आहे. म्हटलं, मग हा माझाच काहीतरी भास असेल. माझी पोर डोळ्यांतलं शिकलीये, तिला जास्त कळतं."

त्यांनी त्यांच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. मला हे सहन होत नाहीये. लिहून पाहिलं तरी होत नाहीये.

गुरुवार, ३ एप्रिल

दवाखाना. गाडी वहिनीने चालवली. छान चालवते, वळणावर दोनदा बघते. बाबा पुढे, मी मागे.

काचबिंदूच. डाव्या डोळ्यातला बराच भाग कायमचा गेला आहे, उजव्यातला थोडा. रोज थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. बाबांनी त्यांच्या मागे दाराकडे एकदा पाहिलं, कुणी मोठे डॉक्टर येतायत का म्हणून. मग माझ्याकडे पाहून ओशाळले.

डॉक्टरीणबाई अहवाल वाचत म्हणाल्या, "घरात इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

"नाही हो," बाबा चटकन म्हणाले. "हे कळतच नाही. चोरपावलांनी येतं."

मला वाचवत होते. गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता. वहिनी भिंतीशी उभी होती, हातात सगळ्यांच्या पाण्याची बाटली.

"आलं होतं," मी म्हटलं. "वहिनीच्या लक्षात आलं होतं. तिने सांगितलं होतं. मला. पुन्हा पुन्हा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून वहिनीकडे पाहिलं. "आणखी काय काय लक्षात आलं होतं तुमच्या?" म्हणाल्या, आणि वहिनीला बसायला खुर्ची दिली. वहिनी सांगत होती आणि त्या लिहून घेत होत्या. वाटी, पेला, खांब, दारातून येताना खांदा आपटणं, अंधारात पायरी चुकणं. यातलं निम्मं तर मला तिने कधी सांगितलंच नव्हतं. मी ऐकलं असतं थोडीच.

परत येताना मी वहिनीला म्हटलं, "मी फार वाईट वागले." ती आरशातून म्हणाली, "हो." मग बऱ्याच वेळाने, "शिवणयंत्र खरंच गंजलं होतं, ताई. आतून. पण तुम्हाला विचारायला हवं होतं."

रविवार, ६ एप्रिल

दुपारी वहिनीचा फोन. "ताई, स्वयंपाकघरात वास येतोय. गॅसचा असेल."

मी काही विचारलं नाही. "पोरीला घेऊन बाहेर जा, मी आलेच," म्हटलं आणि चपला उलट्या-सुलट्या घालून पळत सुटले.

पोचले तर वहिनी आणि भाची फाटकाबाहेर उभ्या, वहिनी पदराने तोंड झाकून हसत होती. वास रंगाचा होता. बाबा कुणाला न सांगता डबा उघडून, पाटावर बसून फाटकाचा घासलेला खांब रंगवत होते.

आम्ही तिघी मागे उभ्या राहून बघत होतो. खांब पांढराशुभ्र झाला होता, फक्त डावीकडचा एक लांब पट्टा तसाच खरवडलेला राहिला होता. बाबा ब्रश पुसून उठायला लागले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, ओठ मिटले.

"बाबा, डावीकडे राहिलंय," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?" त्यांनी न वळता विचारलं.

"वहिनी म्हणते."

बाबा परत पाटावर टेकले. मग ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"मग राहिलंच असेल," म्हणाले आणि पाट डावीकडे सरकवला.